बंद दाराआडचे व्यापार करार आणि प्रताधिकाराचा कायदा

पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या मूळ ग्रंथांवरील प्रताधिकार, म्हणजेच कॉपीराइट, भारतात ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपुष्टात आला. नेहरूंचे निधन २७ मे १९६४ रोजी झाले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर येणाऱ्या नव्या वर्षापासून साठ वर्षे हा अधिकार टिकतो. ती मुदत संपल्यावर कोणताही प्रकाशक, ग्रंथालय किंवा विद्यापीठ त्या ग्रंथाची आवृत्ती काढू शकते, त्याचे नवे भाषांतर करून घेऊ शकते. हीच मुदत सत्तर वर्षांची असती, तर २०३४ च्या अखेरीपर्यंत थांबावे लागले असते.

कॅनडातील वाचकांच्या वाट्याला असाच विलंब आला आहे. तेथे लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे प्रताधिकार असे. ३० डिसेंबर २०२२ पासून ही मुदत सत्तर वर्षांची झाली. १९७२ मध्ये निधन पावलेल्या लेखकांचे साहित्य दोनच दिवसांनी, १ जानेवारी २०२३ रोजी, खुले होणार होते. ते आता १ जानेवारी २०४३ रोजी होईल. मध्यंतरीची वीस वर्षे लेखकाच्या मृत्यूमुळे मोजली जाणारी मुदत संपून तेथे नवे साहित्य प्रताधिकारमुक्त होणार नाही. हा बदल देशांतर्गत मागणीतून आलेला नव्हता. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यातील नव्या व्यापार कराराने तो बंधनकारक केला होता. मुदत वाढवायचीच असेल तर वाढीव वीस वर्षांचा लाभ घेण्यासाठी हक्कधारकाने नोंदणी करावी, अशी शिफारस कॅनडाच्या एका संसदीय समितीने २०१९ मध्ये केली होती. सरकारने ती स्वीकारली नाही. मुदतवाढ अखेर अर्थसंकल्पाच्या अंमलबजावणीसंबंधीच्या विधेयकात समाविष्ट होऊन मंजूर झाली.

कोणते पुस्तक किती वर्षे खासगी मालकीचे राहावे, शिक्षणासाठी त्याच्या किती प्रती काढता याव्यात, संगणकीय कुलूप तोडणे गुन्हा ठरावा की नाही, हे निर्णय आता विधिमंडळांबरोबरच व्यापारी वाटाघाटींच्या बंद खोल्यांतही होतात. त्या खोल्यांत कागद कोणाला दिसतो आणि कधी दिसतो, यावर पुढचा कायदा अवलंबून राहतो.

बर्नपासून माराकेशपर्यंत

प्रताधिकाराचा आंतरराष्ट्रीय पाया १८८६ च्या बर्न कराराने घातला. सदस्य देशांनी परस्परांच्या लेखकांना संरक्षण द्यावे आणि ते सामान्यतः मृत्यूनंतर किमान पन्नास वर्षे असावे, ही त्याची आजची चौकट आहे. मात्र एखाद्या देशाने नियम मोडल्यास त्याला वठणीवर आणण्याची परिणामकारक यंत्रणा त्या करारात नव्हती.

ही उणीव १९८६ ते १९९४ दरम्यान चाललेल्या 'गॅट'च्या उरुग्वे फेरीत भरून निघाली. चित्रपट, संगीत, संगणक प्रणाली आणि औषधे यांची निर्यात करणाऱ्या देशांनी बौद्धिक संपदेचा विषय व्यापाराच्या मेजावर आणला. भारतासह अनेक विकसनशील देशांनी प्रारंभी त्यास विरोध केला होता. १५ एप्रिल १९९४ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे करारांवर स्वाक्षऱ्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. बौद्धिक संपदेसंबंधीचा 'ट्रिप्स' करार सर्व सदस्यांना बंधनकारक ठरला. बर्न करारातील बहुतेक तरतुदी त्यात आल्या. नियमभंग झाल्यास तक्रार करून नुकसानभरपाई मागण्याचा किंवा व्यापारी निर्बंध लादण्याचा मार्गही खुला झाला.

या यंत्रणेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. उपाहारगृहे आणि दुकानांना मानधन न देता संगीत वाजविण्याची मुभा देणारे अमेरिकी कायद्यातील एक कलम 'ट्रिप्स'शी विसंगत असल्याचा निर्णय युरोपीय संघाच्या तक्रारीवरून २००० मध्ये लागला. अमेरिकेने तीन वर्षांच्या कालावधीपोटी ३३ लाख डॉलर भरपाई दिली. कायदा मात्र बदलला नाही. लहान अर्थव्यवस्थेला असा पर्याय क्वचितच परवडतो.

'ट्रिप्स' हा किमान मर्यादांचा करार आहे. त्याहून कडक नियम करण्यास त्यात मनाई नाही. प्रताधिकाराची किमान मुदत पन्नास वर्षांचीच राहिली. परंतु युरोपीय संघाने १९९३ मध्ये आणि अमेरिकेने १९९८ मध्ये ती सत्तर वर्षांवर नेली. त्यानंतर हीच मुदत इतर देशांनीही स्वीकारावी, यासाठी द्विपक्षीय आणि प्रादेशिक करारांचा मार्ग अवलंबिण्यात आला. अमेरिकेशी मुक्त व्यापार करार केल्यानंतर ऑस्ट्रेलियाने १ जानेवारी २००५ पासून पन्नासऐवजी सत्तर वर्षांची मुदत लागू केली. सिंगापूरनेही त्याच सुमारास हाच मार्ग धरला.

'अ‍ॅक्टा' : गुप्ततेचा मोठा प्रयोग

बनावट मालविरोधी व्यापार करार, म्हणजेच 'अ‍ॅक्टा', याची घोषणा ऑक्टोबर २००७ मध्ये झाली. जून २००८ मध्ये जिनिव्हात औपचारिक बोलणी सुरू झाली. अमेरिका, युरोपीय संघ, जपान, स्वित्झर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण कोरिया, सिंगापूर, मेक्सिको आणि मोरोक्को हे त्यातील सहभागी. जागतिक व्यापार संघटना आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटना ही दोन्ही प्रस्थापित व्यासपीठे टाळून ही बोलणी झाली. भारत, चीन आणि ब्राझील यांना त्यात स्थान नव्हते.

कराराच्या नावात बनावट मालाचा उल्लेख असला, तरी त्याच्या कक्षेत इंटरनेटवरील प्रताधिकारभंगही येत होता. हे जगाला कळले ते फुटलेल्या कागदपत्रांमुळे. मे २००८ मध्ये 'विकिलीक्स'ने चर्चेचा एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. माहिती अधिकाराखाली मसुदा मागणाऱ्या संस्थांना अमेरिकी प्रशासनाने २००९ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन नकार दिला. पुस्तके आणि गाण्यांविषयीच्या कराराला राष्ट्रीय सुरक्षेचे कवच कशासाठी, हा प्रश्न त्यानंतर सातत्याने विचारला गेला.

१० मार्च २०१० रोजी युरोपीय संसदेने ६६३ विरुद्ध १३ मतांनी पारदर्शकतेची मागणी करणारा ठराव संमत केला. पुढच्याच महिन्यात, २१ एप्रिल रोजी, मसुदा प्रथमच अधिकृतपणे प्रकाशित झाला. वाटाघाटींच्या अकरा फेऱ्यांपैकी आठ तोवर उरकल्या होत्या. प्रकाशनानंतरच्या टप्प्यात इंटरनेट सेवा पुरवठादारांवरील दायित्वाच्या तरतुदी बऱ्याच सौम्य झाल्या. तरीही अंतिम मसुद्यात फौजदारी कारवाईची व्याप्ती 'ट्रिप्स'पेक्षा रुंद होती. 'ट्रिप्स' व्यापारी प्रमाणावरील चाचेगिरीस शिक्षा सांगतो. 'अ‍ॅक्टा'ने अप्रत्यक्ष आर्थिक लाभासाठी केलेल्या व्यापारी कृतीही त्यात ओढल्या.

भारताने जून २०१० मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या 'ट्रिप्स' परिषदेत या करारावर आक्षेप नोंदविले. मूठभर देशांनी बाहेर ठरविलेले कडक निकष पुढे सर्वांवर लादले जातील आणि 'ट्रिप्स'मध्ये साधलेला समतोल ढळेल, असा त्याचा आशय होता. चीननेही तशीच भूमिका मांडली. भारतीय औषधे युरोपातून अन्य देशांकडे जात असताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी माल रोखल्याच्या घटना तेव्हा ताज्या होत्या. त्याविरुद्ध भारताने मे २०१० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रारही दाखल केली होती.

१ ऑक्टोबर २०११ रोजी टोकियोत आठ देशांनी 'अ‍ॅक्टा'वर स्वाक्षऱ्या केल्या. २६ जानेवारी २०१२ रोजी युरोपीय संघ आणि त्याच्या २२ सदस्य देशांनीही त्या केल्या. त्याच दिवशी युरोपीय संसदेत या विषयाची जबाबदारी असलेले फ्रेंच सदस्य कादेर आरिफ यांनी एकूण प्रक्रियेचा निषेध करीत ती जबाबदारी सोडली. पोलंडमध्ये हजारो तरुण कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर उतरले. फेब्रुवारीत निदर्शने युरोपभर पसरली. ४ जुलै २०१२ रोजी युरोपीय संसदेने ४७८ विरुद्ध ३९ मतांनी करार फेटाळला. १६५ सदस्य तटस्थ राहिले. करार अमलात येण्यासाठी सहा सदस्यांचे अनुसमर्थन आवश्यक होते. ते एकट्या जपानने दिले आणि करार कागदावरच राहिला.

प्रशांत महासागरीय करार

'अ‍ॅक्टा'चा शेवट होत असताना ट्रान्स-पॅसिफिक भागीदारी, म्हणजेच 'टीपीपी', या कराराची बोलणी सुरूच होती. अमेरिका, जपान, कॅनडा, मेक्सिको, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, मलेशिया, व्हिएतनाम, ब्रुनेई, चिली आणि पेरू हे बारा देश त्यात होते. वाटाघाटींचे कागद करार अमलात आल्यानंतरही चार वर्षे गोपनीय ठेवण्याचे सहभागी देशांनी मान्य केले होते. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना मसुदा सुरक्षित कक्षात बसून वाचता येई. त्याची प्रत किंवा टिपणे बाहेर नेता येत नसत. दुसरीकडे, उद्योगक्षेत्राचे प्राबल्य असलेल्या अधिकृत सल्लागार समित्यांच्या सदस्यांना गोपनीयतेच्या अटीवर मसुदे पाहून मत देण्याची सोय होती.

बौद्धिक संपदेचे प्रकरण 'विकिलीक्स'ने नोव्हेंबर २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. कोणत्या वाक्याला कोणत्या देशाचा विरोध आहे, हेही त्यात कंसात नोंदलेले होते. प्रताधिकाराच्या मुदतीवरून सहभागी देशांतच मतभेद असल्याचे त्यातून दिसले. जपान, कॅनडा, न्यूझीलंड, मलेशिया, व्हिएतनाम आणि ब्रुनेई या सहा देशांत तेव्हा पन्नास वर्षांचीच मुदत होती.

अंतिम करारात सत्तर वर्षेच राहिली. ४ फेब्रुवारी २०१६ रोजी ऑकलंडमध्ये स्वाक्षऱ्या झाल्या. मुदतवाढीमुळे आपल्या देशावर दीर्घकाळात वर्षाला सरासरी साडेपाच कोटी न्यूझीलंड डॉलरचा बोजा पडेल, असा अंदाज न्यूझीलंडच्या सरकारनेच आपल्या विश्लेषणात मांडला होता. पुस्तके, चित्रपट आणि संगीत यांची आयात करणाऱ्या देशात वाढीव मुदतीचे मानधन बहुतांशी परदेशी हक्कधारकांकडे जाते, हा त्यामागचा हिशेब आहे.

अमेरिकेने २३ जानेवारी २०१७ रोजी करारातून अंग काढून घेतले. उरलेल्या अकरा देशांनी ८ मार्च २०१८ रोजी सुधारित करार केला, तेव्हा जुन्या मसुद्यातील २२ तरतुदी स्थगित ठेवल्या. सत्तर वर्षांची मुदत, डिजिटल कुलपांचे संरक्षण आणि इंटरनेट सेवा पुरवठादारांचे दायित्व या तरतुदी त्यांत होत्या. आग्रह धरणारा भागीदार दूर होताच बाकीच्यांनी ही कलमे बाजूला ठेवली. ती त्यांनी कोणासाठी स्वीकारली होती, हे त्यावरून उघड होते.

मात्र एका करारातून सुटलेली तरतूद दुसऱ्या करारातून परत येते. जपानने ३० डिसेंबर २०१८ पासून मुदत सत्तर वर्षांवर नेली. युरोपीय संघाशी झालेल्या करारातही ती अट होती. १९७० मध्ये निधन पावलेले लेखक युकिओ मिशिमा यांचे साहित्य तेथे २०२१ मध्ये खुले होणार होते. ते आता २०४१ मध्ये होईल. प्रताधिकारमुक्त साहित्य स्वयंसेवकांच्या श्रमातून संगणकावर आणणाऱ्या 'आओझोरा बुन्को' या ग्रंथालयाने मुदतवाढीस विरोध केला होता. न्यूझीलंडनेही पुढे युरोपीय संघाशी करार केला. तो १ मे २०२४ रोजी अमलात आला आणि त्यानुसार चार वर्षांच्या आत मुदत सत्तर वर्षांची करण्याचे बंधन आले.

गोपनीयतेच्या बाजूने

गोपनीयतेचे समर्थन करणाऱ्यांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखा नाही. कोणत्या मालावर किती शुल्क सोडण्याची आपली तयारी आहे, हे आधीच जाहीर झाले तर सौदा करता येत नाही. प्रत्येक टप्प्यावर मसुदा उघड झाल्यास हितसंबंधी गट दबाव आणतात आणि देवाणघेवाण अशक्य होते. दीर्घ संरक्षणामुळे प्रकाशक आणि निर्माते जुन्या कृती जतन करण्यास प्रवृत्त होतात, असे हक्कधारकांचे म्हणणे असते.

टीकाकारांचे उत्तर असे की, आयात शुल्काचा आकडा आणि कायद्याचे कलम यांत मूलभूत फरक आहे. शुल्क पुढे बदलता येते. प्रताधिकाराची मुदत एकदा वाढवून हक्क बहाल केले की ते मागे घेणे जवळजवळ अशक्य असते आणि करारभंगाची टांगती तलवार पुढील संसदेच्याही डोक्यावर राहते. शिवाय सर्व कलमे एकाच गाठोड्यात बांधलेली असल्याने कृषिमालाच्या निर्यातीसाठी करार हवा असलेल्या देशाला पुस्तकांविषयीची अट नाकारता येत नाही.

भारताचा कायदा, भारताची निवड

भारतातही मुदत वाढली आहे. पण ती निराळ्या वाटेने. १९५७ च्या कायद्यात ती पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर यांचे निधन १९४१ मधील. त्यांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा अधिकार १९९१ च्या अखेरीस संपत असताना ती साठ वर्षांची करण्यात आली आणि १९९२ मध्ये संसदेने तशी दुरुस्ती संमत केली. तो निर्णय योग्य होता की नाही, यावर दोन्ही बाजूंनी मते मांडली गेली. पुढे २००१ च्या अखेरीस ही मुदतही संपली, तेव्हा ती पुन्हा वाढविण्यात आली नाही. दोन्ही वेळा निर्णय भारताचा होता आणि त्याची चर्चा उघडपणे झाली.

२०१२ च्या दुरुस्तीतही हे स्वातंत्र्य दिसते. डिजिटल कुलूप तोडण्यास त्या वर्षी प्रथमच शिक्षा ठरली; परंतु प्रताधिकारभंगाचा हेतू असेल तरच तो गुन्हा मानण्यात आला. कायद्याने मुभा दिलेल्या कामासाठी कुलूप उघडणाऱ्यास सूट राहिली. 'टीपीपी'सारख्या करारांतील नियम याहून बरेच कडक आहेत.

शैक्षणिक उपयोगाची भारतीय सूटही उदार आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध तीन मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशन संस्थांनी दावा दाखल केला होता. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील उताऱ्यांचे संच काढणे हा शिक्षणाचाच भाग असल्याचे सांगत दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तो फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही शैक्षणिक सुटीचा व्यापक अर्थ कायम ठेवला. या निकालाचा आधार कायद्यातील कलम ५२ आहे. ते कलम एखाद्या करारातून आकसले, तर महागडी परदेशी पुस्तके विकत घेऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्याला न्यायालयही मदत करू शकणार नाही.

बाहेरून दबाव नाही, असे मात्र नाही. अमेरिकी व्यापार प्रतिनिधी कार्यालय दरवर्षी 'स्पेशल ३०१' अहवाल काढते आणि बौद्धिक संपदेच्या संरक्षणात उणे वाटणाऱ्या देशांची यादी करते. त्यातील 'प्राधान्याने लक्ष ठेवण्याच्या' यादीत भारत वर्षानुवर्षे आहे. सोळा देशांच्या प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारीच्या बोलण्यांत भारत २०१२ पासून सहभागी होता. त्याही करारातील बौद्धिक संपदेचा मसुदा प्रथम लोकांसमोर आला तो फुटल्यामुळे. भारत ४ नोव्हेंबर २०१९ रोजी त्यातून बाहेर पडला. ब्रिटनशी झालेल्या करारावर २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. त्यातील बौद्धिक संपदेच्या प्रकरणाचा एक मसुदा २०२२ मध्येच बाहेर आला होता आणि त्यावर मुख्यतः औषधांच्या किमतींच्या दृष्टीने चर्चा झाली होती.

संसदेचे स्थान

घटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्रीय सूचीत परराष्ट्रांशी करार करणे हा विषय आहे. अनुच्छेद २५३ नुसार त्यांच्या अंमलबजावणीसाठी संसद कायदा करू शकते. मात्र करारावर स्वाक्षरी किंवा त्याचे अनुसमर्थन करण्यापूर्वी संसदेची मंजुरी घेण्याचे बंधन नाही. करार झाल्याने देशांतर्गत कायदा आपोआप बदलत नाही, हे खरे. तथापि, दुरुस्ती विधेयक सभागृहात येते, तेव्हा देशाने शब्द दिलेला असतो आणि चर्चा कसा बदल करायचा एवढ्यापुरती उरते. करार करण्याच्या अधिकाराचे नियमन करणारा कायदा संसदेने विचारात घ्यावा, असे घटनेच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये सुचविले होते.

माहितीचा अधिकार कायदा, २००५ हेही साधन मर्यादितच ठरते. राज्याच्या आर्थिक हितास किंवा परराष्ट्र संबंधांस बाधक ठरणारी आणि परकीय सरकारकडून विश्वासाने मिळालेली माहिती कलम ८ नुसार नाकारता येते. व्यापक लोकहित अधिक मोठे असल्यास ती देण्याची तरतूद त्याच कलमात आहे. पण तो निर्णय प्रकरणपरत्वे होतो.

दुसरा मार्गही आहे

उघड वाटाघाटींतून प्रताधिकाराचा आंतरराष्ट्रीय करार होऊ शकतो, याचे उदाहरणही माराकेशचेच आहे. दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींना ब्रेल, ध्वनी किंवा अन्य सुलभ स्वरूपात पुस्तके मिळावीत, यासाठीचा करार तेथे २७ जून २०१३ रोजी संमत झाला. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या या प्रक्रियेत मसुदे सर्वांना उपलब्ध होते. दृष्टिहीनांच्या संघटना आणि प्रकाशकांचे प्रतिनिधी दोघेही उपस्थित होते. अशी सूट भारताने २०१२ मध्येच आपल्या कायद्यात घातली होती. कराराचे अनुसमर्थन करणारा भारत जून २०१४ मध्ये जगातील पहिला देश ठरला. ३० सप्टेंबर २०१६ पासून हा करार अमलात आहे.

युरोपीय आयोग आता आपल्या बाजूचे प्रस्तावित मसुदे वाटाघाटी चालू असतानाच प्रसिद्ध करतो. शुल्काचे आकडे गोपनीय ठेवूनही कायद्याशी संबंधित प्रकरणे खुली करता येतात, हे त्यावरून दिसते. भारतीय कायद्यातील साठ वर्षांची मुदत आणि कलम ५२ मधील सुटी या दोन बाबी प्रत्येक नव्या करारात तपासून पाहाव्या लागतील. ती तपासणी स्वाक्षरीपूर्वी झाली तरच तिचा उपयोग आहे.